ओतण्याआधी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, आप्पांनी ३१ वर्षं मोल्डिंगचं, म्हणजे वाळूचे साचे करायचं काम केलं. माझी शाळा सकाळची असली की दुपारचा त्यांचा डबा मीच नेऊन द्यायची. फाटकातून आत गेलं की आधी वास यायचा, ओल्या वाळूचा आणि जळक्या कोळशाचा. आमच्या घरी दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांनाही तोच वास असायचा. एकदा मी डबा घेऊन उभी होते आणि आप्पा वाळूच्या ढिगाशी वाकले होते. त्यांनी मूठभर वाळू उचलली, घट्ट आवळली आणि मूठ उघडली. गोळा तसाच राहिला, त्यावर चारी बोटांचे वळ. मग तो गोळा दोन्ही हातांत धरून मधोमध मोडला. बिस्किट मोडावं तसा मोडला, कडा साफ. "चालतंय," म्हणाले, हात झटकले आणि डबा घेतला.

वाळू तयार आहे असं मिक्सरवाल्यानं आधीच सांगितलेलं होतं. फळ्यावर खडूनं आकडाही लिहिलेला होता. तरी आप्पांनी मूठ आवळलीच. मी विचारलं तर म्हणाले, "हाताला इचारायचं, पोरी. फळ्यावर सकाळचं लिवल्यालं असतंय."

त्या वाळूत बेंटोनाइटची माती, कोळशाची भुकटी आणि पाणी असतं. पाणी शंभरात तीन-चार भाग. थोडं जास्त झालं की वितळलेल्या लोखंडाचा रस ओतल्यावर पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की ओतकामात पोकळ्या राहतात. फाउंड्रीत सगळे त्यांना ब्लो होल म्हणतात. कमी झालं की साच्याची कड ढासळते. आणि पोकळी वरून दिसत नाही. माल लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर चढतो, टूल लागतं, तेव्हा ती उघडी पडते. तोवर वीज, लोखंड आणि चार माणसांचा दिवस गेलेला असतो.

भट्टीपाशीही असंच एक काम असायचं. रस तयार झाला की मोठ्या साच्यांत ओतण्याआधी त्यातला थोडासा एका छोट्या साच्यात ओतायचे. त्याला सगळे वेज म्हणायचे, आकार पाचरीचा. ती निववून हातोड्यानं मोडायची आणि तुटलेली बाजू उजेडात धरायची. पाचरीची धार पातळ, ती आधी निवते, म्हणून तिथं लोखंड पांढरं पडतं; जाड बाजूला राखाडी. पांढरा पट्टा किती रुंद आहे त्यावरून रसाची जात कळते. फार रुंद असला तर माल कडक होणार, टूल खाणार. मग फेरोसिलिकॉन, म्हणजे लोखंड आणि सिलिकॉनचा मिश्रधातू टाकून रस सुधारायचा आणि पुन्हा पाचर.

मी पुढे कॉम्प्युटर शिकले, पुण्यात नोकरी केली, आणि सात वर्षांपूर्वी परत बेळगावात आले. आप्पांची ती मूठ आणि ती पाचर माझ्या कामात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती आली २०२३ च्या पावसाळ्यात, खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात.

वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळामागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि बाक, मागच्या खोलीत कपाटं. त्या कपाटांत काय आहे हे गावातल्याही फार जणांना ठाऊक नव्हतं. जुन्या मराठी दैनिकांच्या आणि साप्ताहिकांच्या बांधलेल्या फायली, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, जत्रेच्या स्मरणिका, शाळेचे हस्तलिखित अंक. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या अलीकडचे कागद आणि पलीकडचे कागद एकाच कपाटात आहेत. अलीकडचे सगळे मराठी. पलीकडच्यांत एकाच पानावर वर कन्नड शिक्का, खाली मराठी मजकूर, मध्येच एखादी कन्नड जाहिरात. हा इतिहास मोठ्या ग्रंथात सापडत नाही. अमक्या साली सोसायटीनं किती पोती खत वाटलं, कोणत्या वर्षी मलप्रभेला पूर येऊन शाळा बंद राहिली, हे त्या अहवालांतच आहे.

खानापुरात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या. गुरुजी, म्हणजे वाचनालय सांभाळणारे आमचे निवृत्त मास्तर, मला एक फाईल दाखवत होते. पान उलटताना त्याचा कोपरा त्यांच्या बोटाला चिकटून आला. त्यांनी तो कोपरा पुन्हा जागेवर ठेवला, बोटानं दाबला आणि म्हणाले, "हे अजून किती पावसाळे काढणार, सांग."

स्कॅनिंग करायचं आणि अक्षरओळख करून शोधता येईल असा मजकूर तयार करायचा, हे आम्ही त्या दिवशी ठरवलं. कॉम्प्युटर मिळाला तो एका फाउंड्रीच्या ऑफिसातून. कास्टिंगचं सिम्युलेशन करायला घेतलेला जुना वर्कस्टेशन, आता त्यांच्या उपयोगाचा राहिला नव्हता. त्यावर सेंटओएस ७, लिनक्स घराण्यातली एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. ज्या स्कॅनरवर काम करायचं होतं त्याचा ड्रायव्हर तेवढ्यावरच चालत होता, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची सोय नव्हती. वाचनालयात इंटरनेटही नाही. जे न्यायचं ते पेनड्राइव्हवर.

अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट हा प्रोग्राम घ्यायचा हे नक्की होतं. १९८० च्या दशकात एचपीच्या ब्रिस्टलमधल्या प्रयोगशाळेत त्याची सुरुवात झाली, २००५ मध्ये त्याचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, सर्वांना खुला झाला. ते मराठी वाचतं, कन्नड वाचतं, आणि दोन्ही भाषा एकाच वेळी सांगता येतात. आमच्या कपाटाला याहून योग्य काय मिळणार?

पुण्यातल्या एका मैत्रिणीनं तिच्या नव्या लॅपटॉपवर टेसरॅक्ट बिल्ड करून, म्हणजे सोर्सपासून चालता प्रोग्राम बांधून, तयार फाइल मला पाठवली, म्हणजे माझा वेळ वाचेल. मी ती पेनड्राइव्हवर घेऊन गेले, चालवली. एकच ओळ आली: जीलिबसी २.३४ सापडली नाही.

ज्यांनी ही ओळ कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम फाइल उघडायला, मेमरी मागायला, छापायला सी लायब्ररीकडे, म्हणजे अशा तयार कामांच्या साठ्याकडे जातो; जीलिबसी हे तिचंच नाव. ती प्रोग्रामच्या आत नसते, यंत्रावर असते. गावातल्या विहिरीसारखी, घरोघरी आड नाही, सगळे तिथूनच पाणी भरतात. जीलिबसी आपल्या प्रत्येक सेवेवर ती कोणत्या आवृत्तीपासून आहे याचा शिक्का मारते. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये प्रोग्राम सुरू होताना लागणाऱ्या अगदी पहिल्या फंक्शनवरच नवा शिक्का बसला. म्हणून त्यानंतरच्या यंत्रावर लिंक केलेला, म्हणजे तिथल्या लायब्ररीशी जोडलेला, साधा दोन ओळींचा प्रोग्रामही २.३४ मागतो. वाचनालयाच्या यंत्रावर होती २.१७, डिसेंबर २०१२ ची. जुन्या यंत्रावर बांधलेलं सहसा नव्यावर चालतं, पण नव्यावरचं जुन्यावर चालत नाही. आणि ही लायब्ररी काढून दुसरी घालू असंही करता येत नाही, कारण यंत्रावरचं सगळंच तिच्या आधारानं उभं आहे.

तेव्हा टेसरॅक्ट त्या यंत्रावरच सोर्समधून बिल्ड करायचं. फायनल इयरचा एक पोरगा दर रविवारी माझ्याबरोबर यायचा. हुशार, हात चपळ. त्यानं सोर्स उघडला आणि लगेच मेक, म्हणजे बांधायचा आदेश, टाइप करायला लागला. मी त्याचा हात धरला नाही. मला ती घाई ओळखीची आहे, आणि एकदा तिथवर जाऊन पाहिल्याशिवाय तपासणीची भूक लागत नाही. मेकच्या आधी यंत्र तपासून घेणारा कॉन्फिगर नावाचा प्रोग्राम असतो, तोच थांबला: तुमच्या कंपायलरला सी प्लस प्लस १७ पुरेसं येत नाही, पुढे जाता येत नाही. कंपायलर म्हणजे सोर्सचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम.

मग आम्ही यंत्राला विचारलं, तुझा कंपायलर कोणता. जीसीसी ४.८.५. ती मालिका २०१३ मध्ये सुरू झालेली. सी प्लस प्लस १७ हे त्या प्रोग्रामिंगच्या भाषेचं मानक २०१७ चं. चार वर्षांनी ठरणारं व्याकरण त्या कंपायलरला कुठून येणार? टेसरॅक्ट ५ आलं नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि त्याचा सोर्स त्या नव्या व्याकरणात लिहिलेला. यात यंत्राचा दोष नाही, सोर्सचाही नाही. दोघांची ओळख करून द्यायची राहिली होती.

पोरानं विचारलं, मग नवा जीसीसीच सोर्समधून बिल्ड करू या का. करता येतं. पण जीसीसी बिल्ड करायला आधी कंपायलर लागतो. हे त्याला विचित्र वाटलं, तेव्हा गुरुजी बाकावरून म्हणाले, "दह्याला विरजण लागतंच की रे." याहून चांगलं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. रिचर्ड स्टॉलमननं १९८७ मध्ये जीसीसी पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हाही ते दुसऱ्या कुणाच्या तरी कंपायलरनं बांधावं लागलं होतं. आजही जीसीसी बांधताना तीन टप्पे असतात. यंत्रावरच्या जुन्या कंपायलरनं नवा बांधायचा, त्या नव्यानं पुन्हा स्वतःला बांधायचं, आणि त्यानं पुन्हा एकदा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या फाइली एकमेकींशी ताडून पाहायच्या. त्या जुळल्या म्हणजे शेजारणीच्या विरजणाची चव उतरली, आता हे आपलं दही. मला ही रचना फार आवडते. ज्यानं हे ठरवलं त्याला स्वतःच्या हातावरही आंधळा विश्वास ठेवायचा नव्हता.

आम्ही मात्र तो लांबचा रस्ता धरला नाही. सेंटओएस ७ साठी डेव्हटूलसेट नावानं नवे कंपायलर तयार मिळायचे, जुन्याला न हलवता शेजारी बसणारे. त्यातला ११ नंबरचा नेला. त्याची खुबी अशी की नव्या सी प्लस प्लस लायब्ररीतला जो भाग जुन्या यंत्रावर नाही तेवढाच तो प्रोग्रामच्या आत भरतो, बाकीचं यंत्रावरचंच वापरतो. म्हणजे विहीर तीच राहिली.

त्या रविवारी दुपारी वीज गेली. बाहेर पाऊस, आत अंधार, यूपीएसवर मिनिटं मोजून. मी पोराला म्हटलं, यंत्र बंद करायच्या आधी तुला एक फाइल दाखवते. कॉन्फिग डॉट लॉग. बहुतेक जण ती उघडत नाहीत. कॉन्फिगर चालू असताना पडद्यावर शे-दीडशे ओळी सरसर वर जातात: सी कंपायलर काम करतो का तपासतोय, होय, अमुक हेडर आहे का तपासतोय, होय, तमुक फंक्शन आहे का, नाही. आपण पापण्या मिटून त्या जाऊ देतो. पण प्रत्येक ओळीमागे खरोखर काहीतरी घडलेलं असतं. कॉन्फिगर एक इवलासा सी प्रोग्राम लिहितो, कधी पाच-सात ओळींचा, ज्यात फक्त ते एक फंक्शन वापरलेलं असतं. तो कंपाइल करतो, लिंक करतो, काही वेळा चालवूनही पाहतो. जमलं तर ‘होय’ लिहितो, प्रोग्राम पुसून टाकतो आणि पुढचा लिहितो. नाही जमलं तर तो इवला प्रोग्राम आणि कंपायलरचं उत्तर दोन्ही लॉगमध्ये ठेवतो.

१९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झीनं ऑटोकॉन्फ, म्हणजे असे कॉन्फिगर तयार करून देणारं साधन, सुरू केलं तेव्हा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची यंत्रं नाना घराण्यांची होती, प्रत्येकाच्या चालीरीती वेगळ्या. यंत्राचं नाव विचारून यादीत बघायचं, हा एक मार्ग होता. पण यादी जुनी होते, आणि एकाच नावाची दोन यंत्रंही सारखी नसतात. त्यापेक्षा जे हवंय ते थोडंसं करूनच बघायचं. लॉगमधला तो मोडलेला इवला प्रोग्राम मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात पाहताना मला आप्पांची पाचर दिसली, हातोड्यानं तोडून उजेडात धरलेली. तीस वर्षं माझ्या घरात असलेली गोष्ट मी कॉलेजात पैसे भरून शिकले होते आणि तेव्हा मला ती ओळखू आली नव्हती. यूपीएस ओरडायला लागला, आम्ही यंत्र बंद केलं.

पुढच्या रविवारी लेप्टोनिका. टेसरॅक्ट चित्र स्वतः वाचत नाही, लेप्टोनिकाकडून वाचून घेतं. यंत्रावर एक होती, पण टेसरॅक्टला १.७४ किंवा त्याहून नवी लागते आणि ती त्याच्या खालची. नवी सोर्समधून बिल्ड केली. कुठेही अडली नाही. कॉन्फिगर झाला, मेक झालं, इन्स्टॉल झालं. पोरगा खूश. आणि टेसरॅक्टचा कॉन्फिगर पुन्हा म्हणाला, १.७४ हवी.

नवी लेप्टोनिका यूएसआर लोकल नावाच्या फोल्डरात बसली होती आणि लायब्रऱ्यांचा पत्ता सांगणारा पॅकेज-कॉन्फिग तिथं पाहतच नव्हता. तो नेहमीच्या जागेवरची जुनी नोंद वाचून परत येत होता. कपाटात पुस्तक आहे पण रजिस्टरात चढलेलं नाही, अशातली गत. त्याला रस्ता सांगितला तसं काम पुढे सरकलं. शेवटी टेसरॅक्ट बांधून झालं, चालवलं, तर चालेना. स्वतःचीच लायब्ररी सापडत नाही म्हणे. बांधताना सांगितलेला रस्ता वेगळा आणि चालताना लायब्ररी शोधायचा रस्ता वेगळा. सेंटओएसवर यूएसआर लोकल त्या दुसऱ्या यादीत आपोआप नसतं. ती ओळ घालून, यादी ताजी करणारं एलडीकॉन्फिग चालवलं. इतकं प्रत्येकाच्या वाट्याला येतं, त्याचं मला काही वाटलं नाही.

मला लागलं ते पुढचं. गुरुजींनी फायलीतलं पहिलं पान स्वतः निवडलं होतं, एका सोसायटीचा १९५४ चा अहवाल. स्कॅन केला होता टिफ नावाच्या चित्राच्या फाइलमध्ये. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. टेसरॅक्टनं सांगितलं, टिफ वाचायचं फंक्शन नाही. गुरुजींनी काही विचारलं नाही, चष्मा काढून पुसला.

लेप्टोनिका बांधताना टिफची लायब्ररी यंत्रावर होती. पण लायब्ररी असणं आणि तिच्या आधारानं बांधता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधायला हेडर, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइली लागतात आणि रेड हॅटच्या घरातल्या यंत्रांवर (सेंटओएस त्यातलंच) ते ‘डेव्हल’ नावाच्या वेगळ्या पॅकेजात येतात. ते आमच्याकडे नव्हतं. लेप्टोनिकाच्या कॉन्फिगरनं टिफची पाचर ओतून पाहिली होती, ती फुटली होती, त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं आणि टिफ वगळून पुढे गेला होता. त्याच्या दृष्टीनं बरोबर. टिफ लागणारच असं त्याला कुणी सांगितलं होतं? ती ‘नाही’ची ओळ आमच्या डोळ्यांसमोरून गेली आणि आम्ही ती वाचली नाही. ओरडून थांबणाऱ्या चुकीची मला भीती वाटत नाही. गुपचूप वगळून पुढे जाणारी चूक म्हणजे ब्लो होल. माल दिसायला चोख, आणि लेथवर चढवला की आत पोकळी.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक वही आहे. गुरुजींची कल्पना. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात गुरुजी स्वतःच्या अक्षरात लिहितात: जीसीसी कोणता, जीलिबसी कोणती, लेप्टोनिका कोणती, ती पीएनजी, जेपेग, टिफ वाचते का, तारीख. टेसरॅक्टला त्याची आवृत्ती विचारली की ते लेप्टोनिकाची आवृत्ती आणि तिच्या पोटातल्या चित्र-लायब्रऱ्यांची नावंही छापतं. शिवाय प्रोसेसरला कोणते वेगवान आदेश येतात तेही. हे दुसरं महत्त्वाचं, कारण कंपायलरला एखादा आदेश लिहिता येतो म्हणून यंत्राला तो पाळता येतोच असं नाही. टेसरॅक्ट हे बांधताना एकदा पाहतं आणि चालताना पुन्हा पाहतं. वहीत दोन्ही रकाने आहेत.

वही सुरू होऊन आठ महिने झाले आणि मार्च २०२४ च्या अखेरीस एक्सझेडची बातमी आली. ती रात्र मी जागून काढली. फाइली आवळून लहान करणारी ही साधी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरला एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या यंत्रात दुरून शिरायच्या सोयीनं, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्यानं ते सोडून दिलं नाही, आणि २९ मार्चला त्यानं सगळं जगापुढे मांडलं. त्या अर्ध्या सेकंदात मला वाळूची मूठ दिसते. ज्याचा हात रोजचा त्यालाच ओल कळते.

पण माझी झोप उडाली ती वेगळ्या कारणानं. चोरदरवाजाची किल्ली कॉन्फिगरच्याच सामानात लपवली होती. सर्वांना दिसणाऱ्या भांडारात ती नव्हती, वाटायच्या बांधीव गठ्ठ्यात होती. आणि त्याच हातानं आणखी एक गोष्ट केली होती. लँडलॉक नावाची लिनक्समधली एक सुरक्षा आहे, प्रोग्रामला कुंपण घालणारी. ती यंत्रावर आहे का हे पाहायला सीमेकच्या, म्हणजे कॉन्फिगरसारख्याच दुसऱ्या एका साधनाच्या फाइलमध्ये तसाच एक इवला तपासणीचा प्रोग्राम होता. त्यात एका ओळीवर फक्त एक टिंब घातलं होतं. एक पूर्णविराम. त्या टिंबामुळे तो प्रोग्राम कधीच, कुठल्याच यंत्रावर कंपाइल होणार नव्हता. म्हणजे तपासणी दर वेळी ‘नाही’ म्हणणार, आणि कुंपण वगळून बांधकाम पुढे जाणार. पाचरीतच खडा टाकून ठेवलेला.

युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सननं १९८४ मध्ये मांडलेला विचार मी कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता. कंपायलरच खोटा असेल तर सोर्स कितीही वाचा, काही दिसणार नाही. जे तुम्ही स्वतः पूर्णपणे घडवलं नाही त्यावर भरवसा कसा ठेवणार. त्या रात्री तो विचार पुस्तकातून उठून माझ्या टेबलावर येऊन बसला. वाचनालयाच्या यंत्रावरचं एक्सझेड ५.२ च्या मालिकेतलं निघालं, जुनं, त्याला धोका नव्हता. तरी तेव्हापासून कॉन्फिगरनं ‘नाही’ म्हटलं की मी लॉग उघडते आणि का नाही ते वाचते. जे यंत्रावर असायलाच हवं ते नाही म्हटलं असेल तर दोनदा वाचते.

आप्पांना मी हे टिंबाचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वेजचा साचाच कुणी भिजवून ठेवला, तर?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी चिंता आली ती मी फाउंड्रीतही पाहिली नव्हती.

काम चालू आहे. आजवर फायलींचा थोडाच भाग झालाय. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत होते, ‘भ’ आणि ‘म’चीही, पोरं शनिवार-रविवारी बसून दुरुस्त्या करतात. जिथं कन्नड मधेच येतं तिथं गावातल्या कन्नड शाळेच्या बाई मदत करतात. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा एका अहवालातल्या कन्नड शिक्क्याचं वाचन टेसरॅक्टनं बरोबर केलेलं पाहून त्यांनी पोरांना तो मोठ्यानं वाचून दाखवला. सोसायटीच्या त्या १९५४ च्या अहवालात गुरुजींना त्यांच्या वडिलांचं नाव सापडलं, भागधारकांच्या यादीत. शोधायच्या चौकटीत त्यांनी ते नाव स्वतः टाइप केलं होतं, एका बोटानं.

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा आधार संपला. नव्या दुरुस्त्या येणार नाहीत. यंत्र इंटरनेटला जोडलेलं नाही म्हणून आम्ही ते चालवतोय, पण हे किती दिवस, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर गुरुजींनी लाल शाईत लिहून ठेवलाय.

गेल्या महिन्यात त्यांनी मागच्या कपाटाचा खालचा खण उघडला. फडक्यात बांधलेली दोन दप्तरं. वाटण्या, गहाणखतं, देण्याघेण्याचे कागद. सगळी मोडी. गावात मोडी वाचणारे आता ते एकटेच. टेसरॅक्टबरोबर मोडीचं तयार प्रशिक्षण येत नाही, आणि ते मुळात छापील अक्षरासाठी आहे. हात न उचलता लिहिलेली मोडी त्याला झेपेल असं मी गुरुजींना सांगितलेलं नाही. पण सुटी सुटी अक्षरं, गुरुजींनीच वळणदार काढलेली, तेवढ्यापासून सुरुवात करून बघायला काय हरकत आहे?

त्यासाठी टेसरॅक्टची प्रशिक्षणाची साधनं बांधायला हवीत. कॉन्फिगर चालवला, या वेळी प्रत्येक ओळ वाचत. तो म्हणाला, आयसीयू ही लायब्ररी ५२.१ किंवा त्याहून नवी हवी, ती नाही, प्रशिक्षणाची साधनं बांधली जाणार नाहीत. यंत्रावर होती ५०. पोरगा म्हणाला, ताई, मग ५२.१ आणू या, काम झालं.

मी थांबले. अक्षरं कोणती, अंक कोणते, काना-मात्रा कोणत्या, हे प्रोग्रामला आयसीयू सांगते, आणि तिचं ज्ञान युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, त्या त्या आवृत्तीपुरतं असतं. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत. आयसीयूत ते ज्ञान ५४ पासून. म्हणजे ५२.१ नं कॉन्फिगर समाधानी झाला असता, ‘होय’ म्हणाला असता, आणि आमच्या दप्तरांपुरती पोकळी आत राहिली असती. ती तपासणी टेसरॅक्टवाल्यांनी त्यांच्या गरजेची लिहिलेली. आमच्या गरजेची आम्हालाच लिहावी लागणार होती.

आयसीयूचं डेव्हल पॅकेज पेनड्राइव्हवर होतं. सहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. त्यात एकच प्रश्न: मोडी ‘क’चा जो युनिकोड क्रमांक आहे, ते अक्षर आहे का? कंपाइल केला, चालवला. शून्य.

"काय म्हणतंय?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणतंय, हे अक्षर नाही."

गुरुजींनी वही ओढली, तारीख घातली आणि लिहिलं: आयसीयू ५०. मोडी ‘क’ ओळखत नाही. ५४ किंवा पुढची आणणे. मग पेन उचललं नाही, त्याच ओळीच्या शेवटी तो ‘क’ मोडीत काढून ठेवला.